दोनशे अकरा कोयते

नवसूच्या उजव्या हाताची तीन बोटं तुटली, त्यानंतर अडीच तासांनी मी पुण्यातल्या एका हॉटेलात पडद्यावरचा दोनशे नऊचा आकडा खोडून दोनशे अकरा केला आणि समोरच्या साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. बोटांचं मला काहीच माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून मी निर्दोष, अशी समजूत मी स्वतःची बरेच दिवस घालून पाहिली. ती काही पटली नाही.

२००७चा जानेवारी संपत आला होता. मी रंजना, मूळची किन्हवलीची, भातशेती करणाऱ्या घरातली. अकरा देशांत जंगलं राखण्याचं काम करणाऱ्या एका विलायती संस्थेत मी परिणाम-मापन आणि शिक्षण या विभागाची प्रमुख होते. नाव भारदस्त, काम सोपं. संस्थेच्या खटाटोपाने जंगल खरंच वाचतंय का ते मोजायचं, आणि मोजून जे कळेल त्याप्रमाणे पुढचं काम सुधारायचं. मोजण्यात मी पटाईत होते. सुधारण्याचं म्हणाल तर तेच सांगायला बसले आहे.

मुरबाड तालुक्यात, म्हशापासून सात-आठ किलोमीटरवर माझ्या मामाचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं तिथेच नांदतायत. मामाचा मुलगा कमळाकर तिथल्या वनरक्षण समितीचा अध्यक्ष. त्याच्याच ओळखीवर २००३ साली संस्थेचं काम त्या गावात शिरलं. कमळादादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लहानपणी त्याने मला खांद्यावर बसवून म्हशाची जत्रा दाखवली होती, आणि बैलबाजारात एक बैल उधळला तेव्हा मला छातीशी धरून तो कुंपणावर चढला होता. हे मुद्दाम लिहिते आहे. तो राक्षस असता तर माझं काम सोपं झालं असतं.

झाडं मोजणं हा मोठा वैताग. साग वर्षभरात बोटभर जाड होतो आणि मुख्यालयाला दर तीन महिन्यांनी आकडा हवा. मी टेप आणि वही घेऊन रानात उन्हं खात फिरायचे, आणि संध्याकाळी हाती लागायचं काय, तर अमुक झाड तमुक सेंटिमीटर. एक दिवस दादाने अंगणात पाच कोयते आणून माझ्या पायाशी टाकले.

"झाडं कसली मोजतंस गो रंजू? ही मोज. जेवढे कोयते आमी धरले तेवढं रान वाचलं."

मी हरखूनच गेले. कोयता दिसतो, हातात धरता येतो, त्याचा फोटो निघतो. दोन माणसांनी वेगवेगळे मोजले तरी आकडा एकच येतो. त्या रात्री मी मुख्यालयाला पत्र लिहिलं आणि महिन्याभरात 'जप्त कोयते' हे आमच्या प्रकल्पाचं अधिकृत माप झालं.

आता कोयता म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या भागात कातकऱ्याच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडाची आकडी बांधलेली असते आणि तिच्यात कोयता अडकवलेला असतो. त्याने तो सरपण तोडतो, कुडाच्या काठ्या तासतो, खेकडे फोडतो. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, झाडांच्या फांद्या तोडायला आमच्याच घरचे लोक त्याला बोलावतात, कोयत्यासकट. किन्हवलीच्या पोरीला हे माहीत नसेल तर कोणाला असणार! पण पत्रात मी लिहिलं, कोयता हे अवैध तोडीचं मुख्य हत्यार आहे. वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं.

एका पानात मावेल असा फॉर्म केला. अनुक्रमांक, तारीख, जागा, पात्याची लांबी, पात्याची अवस्था, फोटो. आधी त्यात 'कोणाकडून' असाही एक रकाना होता. त्याच्यापायी फॉर्म दुसऱ्या पानावर जायला लागला, म्हणून तो मी काढून टाकला. दोन सेकंदांचं काम.

पहिल्या वर्षी अकरा कोयते आले. दुसऱ्या वर्षी अडतीस, तिसऱ्या वर्षी शहात्तर. दादाच्या अंगणात समितीने एक पत्र्याची खोली बांधली, आत भिंतीभर खिळे ठोकले, आणि प्रत्येक कोयत्याच्या मुठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालून तो टांगायचा अशी शिस्त लावली. विलायतेहून पाहुणे आले की ती भिंत बघून हरखायचे. आमच्या सगळ्या प्रकल्पांत इतका सरळ वर चढणारा आलेख दुसरा नव्हता, आणि त्याच आलेखाच्या खांद्यावर बसून मी विभागप्रमुख झाले.

पुढे पुढे येणारे कोयते नवेकोरे असायचे. काहींच्या पात्यावरचं लोहाराचं तेलही सुकलेलं नसायचं. मी अहवालात लिहिलं, तोड करणारे वारंवार नवी हत्यारं घेत आहेत, याचा अर्थ त्यांच्यावरचा दबाव वाढतो आहे. या वाक्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली.

संस्थेचं वर्ष जानेवारीअखेर संपायचं. पुण्याच्या बैठकीत अकराही देशांची माणसं येणार होती आणि कोयत्यांचं माप सगळ्या देशांत लागू करायचं ठरणार होतं. आठवडाभर आधी आकडे जुळवताना माझ्या लक्षात आलं की जत्रेनंतर एकही कोयता आलेला नाही. मी दादाला फोन लावला.

"काय दादा, थंडावलात?"

"मानसं भ्यालीत गो. बाहेरच पडत नायत."

"शेवटच्या आठवड्यात आकडा शून्य दिसतोय. बघ जरा."

बघ जरा. एवढंच म्हणाले मी. बैठकीच्या सकाळी साडेदहाला त्याचा मेसेज आला, अजून दोन, एकूण २११. मी धावत जाऊन पडद्यावरचा आकडा बदलला. टाळ्यांचं सांगितलंच आहे.

दोन दिवसांनी मी गावी गेले. अकरा देशांसाठी पुस्तिका छापायची होती आणि तिच्या मुखपृष्ठाला एक देखणा कोयता हवा होता. दादा शेतावर होता. यमूवहिनीने किल्ली दिली. मी खोलीत शिरले, खिडकी उघडली आणि भिंतीवरून नजर फिरवत शेवटच्या खिळ्याशी आले. दोनशे अकरा नंबरचा कोयता खाली काढला.

मुठीवर हळदकुंकू होतं. नंबरचा पांढरा रंग त्याच्यावरूनच फासला होता. मुठीला सुताचा पिवळा धागा गुंडाळलेला.

त्या बैठकीतल्या साठ माणसांपैकी एकालाही ही हळद दिसली असती तरी समजली नसती. मला समजली. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पुजलेलं हत्यार बाळंतिणीच्या उशाखाली ठेवतात आणि बाराव्या दिवसापर्यंत ते हलवत नाहीत. आमच्यात विळा ठेवतात, कातकऱ्यांत कोयता. माझ्या मुलीच्या वेळी माझ्या आईने ठाण्याच्या नर्सिंग होममध्ये गादीखाली विळा लपवून आणला होता आणि तो काढायला निघालेल्या नर्सशी ती कडाकडा भांडली होती.

म्हणजे हा कोयता रानातून आलेला नव्हता. कोणीतरी तो बाळंतिणीच्या डोक्याखालून ओढला होता. मी तो उजेडात धरला. पात्याच्या मधोमध काळपट तपकिरी पापुद्रा होता. फॉर्मवर समितीच्या माणसाने लिहिलं होतं, पातं किंचित गंजलेलं. मी नखाने खरवडलं. तो गंज नव्हता.

यमूवहिनी दारात उभी होती. "वहिनी, वाडीवर कोण बाळंत झालंय?" मी विचारलं.

"तू नको जाव तिकडं," ती खाली बघत म्हणाली.

मी कोयता परत टांगला, फॉर्मांची फाइल उचलली आणि गेले. कातकऱ्यांची वाडी गावापासून अर्ध्या तासावर, ओढ्यापलीकडे. चार वर्षांत मी तिथे दोनदा गेले होते, दोन्ही वेळा पाहुण्यांना घेऊन.

बाळंतीण गंगी विशीतली असेल. झोपडीच्या दाराशी मांडीवर मूल घेऊन बसली होती. आत तिचा नवरा नवसू पडला होता. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या होत्या, तोंड सुजून एक डोळा बंद झाला होता. मी कोण हे सांगितल्यावर गंगीने मूल पदराखाली घेतलं.

"कोयता कसा नेला?" मी विचारलं.

ती सरळ सांगायला लागली, आवाज न चढवता.

"सकालचे पाच जन आले. आदी शेजारी कान्हाकडं घुसले. म्हातारा मानूस, त्याच्या पाठीवर काठी मोडली. मंग हितं. ह्यो बोलला, पाचवीचा हाय शेट, बारावा दिस होउंदे, मीच आनून देतो. तर ह्याच्या तोंडावर लाथ घातली. मी उशीवर हात ठेवला व्हता. कमलाकरशेटनी उशीखालनं वढला. पोर उशीसंगं खाली पडली. ती पडली तसं ह्यानी पातं धरलं. शेटच्या हातात मूठ, ह्याच्या हातात पातं."

"मग?"

"मंग काय? शेटनी वढला."

त्या झोपडीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर अजून एक काळा डाग होता. त्याच्यावर राख टाकली होती.

"दवाखान्यात काय सांगितलंत?"

"लाकडं तोडताना लागला म्हनून. दुसरं काय सांगायचं? परत हितंच ऱ्हायाचं हाय."

एव्हाना माणसं जमली होती. मला वाटलं होतं, शिव्या देतील. कोणी दिल्या नाहीत. एक बाई मात्र पुढे झाली. केस पांढरे, गळ्यात काहीच नाही. ती हौसा, कोंडूची विधवा. माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाली, "तूच ना गं ती? माज्या नवऱ्याला तुडवत व्हते तवा वट्यावर चा पित व्हतीस?"

मला आठवलं. तेच तर मला आजवर विसरता आलं होतं. २००५चा मे महिना. मी फोटो काढायला आले होते, वहिनीने चहा दिला होता, आणि अंगणाच्या कोपऱ्यात दादा आणि दोघे जण एका माणसाला लाथा घालत होते. तो माणूस पोटाशी गुडघे घेऊन पडला होता आणि प्रत्येक लाथेला त्याच्या तोंडून हवा सुटल्याचा आवाज येत होता. मी म्हणाले होते, "दादा, पुरे." दादा थांबला होता. मला केवढी धन्यता वाटली होती! मग मी कपबशी खाली ठेवून कोयत्याचा फोटो काढला.

"पुढं नऊ दिस लघवीतनं रगत गेलं," हौसा म्हणाली. "मंग मेला."

मी फाइल उघडली. मे २००५, अनुक्रमांक सत्त्याण्णव. पात्याची अवस्था: उत्तम. अक्षर माझं होतं.

तिथे मी रडले वगैरे नाही. रडायचा हक्क त्यांचा होता आणि ते रडत नव्हते. मला जे एकच काम येतं ते मी केलं. ओट्यावर बसले, पेन काढलं आणि प्रत्येक फॉर्मच्या समासात काढून टाकलेला रकाना हाताने परत आखला. कोणाकडून. मग त्याच्या शेजारी आणखी एक. मारल्याची खूण.

दोन दिवस लागले. तारखा त्यांना ठाऊक नव्हत्या, मार ठाऊक होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी कानावर काठी, तेव्हापासून त्या कानाने ऐकू येत नाही. गौरीच्या विसर्जनाला दोन दात. एकाने सदरा वर केला तर फासळ्यांखाली मुठीएवढा खड्डा. एका बाईने मनगट दाखवलं, ते उलटं सांधलं होतं. कान्हाला पालथं झोपवलं होतं, त्याने तसंच पडून आपले चार नंबर सांगितले. चार, कारण त्याचा कोयता चारदा नेला होता. सगळ्या वाडीत चौतीस घरं. चौतीस घरांत दोनशे अकरा कोयते कुठून येणार? दर वर्षी ते म्हशाच्या जत्रेत लोहाराकडून नवे घ्यायचे, कारण कोयत्याशिवाय पोट भरत नाही, आणि समितीची माणसं परतीच्या वाटेवर ओढ्याच्या वळणावर बसायची. जत्रेतून बायकापोरांसकट येणाऱ्या माणसांना तिथे काठ्यांनी हाणायचे आणि नवे कोयते काढून घ्यायचे. ज्या कोयत्यांनी एक फांदीही तोडली नव्हती त्यांच्या तेलावर मी दबाव वाढल्याचं वाक्य रचलं होतं.

दोनशे अकरापैकी एकशे त्रेसष्ट नंबरांना नावं मिळाली. माझा चढता आलेख मी नीट पाहिला. दर वर्षी किती माणसांना बडवलं त्याचा तो अगदी बिनचूक आलेख होता. मोजण्यात माझी चूक झालीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दादाच्या अंगणात गेले. तो खोलीच्या पायरीवर समितीच्या दोघांबरोबर सुपारी कातरत बसला होता. मी वाडीवर बसल्याचं त्याला कळलेलं होतं. मी काही न बोलता आत गेले, दोनशे अकरा नंबर काढला आणि बाहेर आले.

"कुठं नेतंस?"

"ज्याचा त्याला द्यायला."

"ठेव तो."

"दादा, बाळंतिणीच्या उशाखालून ओढलास? आपल्या घरात कोणी असं केलं असतं तर मामाने त्याला उभा चिरला असता."

तो उठला. "माला शिकवू नको. तूच फोन केलावतास. शून्य दिसतोय, बघ जरा. बघितला. आता बोंब मारतंस?"

"मी माणसं मारायला सांगितलं नव्हतं."

"मंग कोयते कसे येतात? ते काय हातात आनून देतात? कोंडूच्या वक्ताला तू हितंच व्हतीस ना? तवा बोललीस काय?"

मी निघाले. त्याने पुढे होऊन माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. कानात घंटा वाजायला लागली, तोंडात रक्ताची चव आली, आणि तेवढ्यात त्याने कोयत्याची मूठ पकडली. मी पातं पकडलं. ठरवून नाही. तिथे धरायला दुसरं काही नव्हतं.

त्याने ओढलं. पातं तळव्यात रुतलं. आधी गरम लागलं, मग दुखलं. मी दुसऱ्या हाताने त्याचा सदरा धरला आणि त्याच्या तोंडावर थुंकले. बाजूच्या दोघांतल्या एकाने मागून माझे केस ओढले. माझ्या मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं आणि तिथून दादाच्या पायावर पडायला लागलं. त्याने खाली बघितलं. त्याचा चेहरा एकदम बदलला.

"सोड गो," तो म्हणाला. "रंजू, सोड, बोटं जातील तुजी."

मी सोडलं नाही. त्याने सोडलं.

मूठ सोडून तो दोन पावलं मागे सरकला आणि केस धरणाऱ्याच्या कानफटात ठेवून दिली. "भैन हाय माजी," त्याच्यावर ओरडला. यमूवहिनी धावत आली, तिने मूठभर हळद माझ्या तळव्यात कोंबली आणि पदर फाडून बांधला. दादा माझ्या तळव्यावरून नजर काढत नव्हता. मला त्याची दया आली असती. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बोटं जातील, हे त्याला ठाऊक होतं. नवसूने धरलं होतं तेव्हाही ठाऊकच असणार.

"नवसूला असं म्हणालास का रे, सोड म्हणून?" मी विचारलं.

तो पायरीवर बसला आणि त्याने तोंड फिरवलं.

तळव्याला सतरा टाके पडले. बांधलेल्या हाताने मी आधी पोलीस ठाण्यात जबाब दिला आणि मग अहवाल लिहिला. जबाबाने दादा आणि चौघे आत गेले, दीड महिन्याने जामिनावर बाहेर आले. मामाने आईला आणि आईने मला घरात घेणं बंद केलं. भावाला तुरुंगात घालणारी पोर म्हणून किन्हवलीच्या बाजारात लोक माझ्याकडे बोट दाखवायचे.

अहवालात मी एकशे त्रेसष्ट नोंदी टाकल्या, आपला फोन टाकला, चहाही टाकला. मुख्यालयाने लिहिलं की हे अतिशय मोलाचं शिक्षण आहे, मात्र बाहेर पाठवायच्या प्रतीत त्याचा सारांश अर्ध्या पानात द्यावा. अर्ध्या पानात! मी लिहिलं, पानात बसवण्याच्या नादातच माणूस मेला आहे. शेवटी कोयत्यांचं माप अकराही देशांत रद्द झालं आणि पुस्तिका छापली गेली नाही. मला पदावरून दूर केलं. ते त्यांनी केलं नसतं तर मीच सोडणार होते असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मला नक्की माहीत नाही.

मार्चच्या शेवटी मी वाडीवर गेले. ठाण्यात जमा केलेल्या कोयत्याचे फोटो पोलिसांनी घेतले होते, आणि कोर्टात खूप फेऱ्या मारल्यावर वस्तू मालकाला परत द्यायची परवानगी मिळाली होती. मुठीवरचा पांढरा नंबर मी घासून काढला होता, त्याबरोबर हळदही गेली होती.

गंगी दाराशी वाल सोलत बसली होती. मूल बाजूला झोळीत झोपलं होतं. नवसू नव्हता. तो वाशिंदला एका बांधकामावर राखणीला जातो, म्हणाली. दुसरं काम त्याला कोणी देत नाही. मी तिच्यासमोर बसले आणि एकदाचं सांगून टाकलं की माप बंद झालं, आता कोयत्यासाठी कोणी येणार नाही, आणि हा तुमचा आणला आहे.

तिने कोयत्याकडे बघितलं. हात लावला नाही.

"बारावा दिस तर कवाच झाला, बाय."

"तरी घरात असू दे. उपयोगी पडेल."

"कुनाला?" ती म्हणाली. "ह्याच्यानं मूठ धरवत नाय. आंगठा आन् एक करंगळी. त्यात काय ऱ्हातो?"

मी कोयता आमच्या दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला. मी उठायला लागले, तेव्हा तिचं लक्ष माझ्या तळव्यावरच्या आडव्या व्रणाकडे गेलं. बातमी तिच्यापर्यंत पोचलेली होतीच. तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर उलटा ठेवला आणि वालाच्या हिरव्या डागांच्या बोटांनी माझं एकेक बोट सरळ करून पाहिलं. अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग मधलं, सावकाश, करंगळीपर्यंत.

"पाचय हायत," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "मला त्याने सोडलं."

तिने मान हलवली, माझा हात माझ्या मांडीवर परत ठेवला आणि पुन्हा वाल सोलायला घेतले.